खांब सगळ्यांना सारखे

२ मार्च

ठकू,

परवा फोनवर सगळं ठीक आहे म्हटलं, कारण हे शेजारच्याच खुर्चीत बसले होते. ह्यांचे डोळे गेले तरी कान शाबूत आहेत. ठीक काहीही नाही. काल मी ड्रायव्हिंगच्या परीक्षेत चौथ्यांदा नापास झाले.

मैदान तू पाहिलेलं नाहीस. लायसन्स ऑफिसच्या मागे सिमेंटची मोकळी जागा आहे. त्यावर पांढऱ्या रेघा आणि रेघांवर लोखंडी खांब. त्या खांबांमधून नागमोडी गाडी न्यायची, मग उलटी आणायची. खांबाला नुसता पदर लागल्यासारखी गाडी लागली, तरी पत्र्याच्या शेडखाली उभे असलेले परीक्षक साहेब शिट्टी फुंकतात. शिट्टी वाजली की उतरायचं. आम्ही सगळे त्यांना शिट्टीसाहेबच म्हणतो. माझं ठाम मत आहे की या माणसाचा बायकांवर राग आहे, आणि पन्नाशी उलटलेल्या बायकांवर तर जास्तच.

रोपवाटिकेचं म्हणशील तर ह्यांना काचबिंदूमुळे आता आमच्या व्हॅनच्या स्टिअरिंगला हात लावता येत नाही. ठेवलेला ड्रायव्हर एक दिवस येतो आणि तीन दिवस गायब असतो. गेल्या आठवड्यात शाळेच्या बागेसाठी वाढवलेली झेंडूची रोपं गाडीतच उभ्या उभ्या वाळली. रोपांना थांब म्हणून सांगता येत नाही. तुझ्या बाबांचं, आमच्या दादाचं, एकच पालुपद, "व्हॅन विका, जागा विका, माझ्याकडे या. या वयात कशाला हा खटाटोप?" त्याच्या दोन खोल्यांत आम्ही दोघं खिडकीतली कुंडी होऊन बसायचं!

तू कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतेस. मला एक तक्रार-अर्ज लिहून दे. त्यात असे आकडे घाल की साहेबाची शिट्टी त्याच्या घशात गेली पाहिजे.

तुझी आत्या

७ मार्च

प्रिय आत्या,

आकडे घालायचे नसतात गं, मोजायचे असतात.

रागावू नकोस, पण या बाबतीत मी बाबांच्या बाजूची आहे. सुट्टीत तू मला व्हॅनमधून फिरवलंस तेव्हा कुंपणाचा अर्धा भाग आपल्याबरोबर निघाला होता. तुझा साहेब पक्षपाती असेलही. पण तू कदाचित नुसतीच वाईट गाडी चालवत असशील. हेही शक्य आहे की नाही?

म्हणून पैज लावू. स्त्री की पुरुष, याचा आणि पास-नापास याचा काही संबंध आहे का, हे तपासायची एक चाचणी आहे. तिचं नाव काय-वर्ग चाचणी. तू मैदानावर बसून मोज, हिशेब कसा करायचा ते मी सांगते. संबंध निघाला तर अर्ज मी स्वतः लिहीन आणि बाबांना गप्प करीन. नाही निघाला तर तू हा नाद सोडायचास, आणि व्हॅन विकायला निघाली तर अडवायची नाहीस.

आहे कबूल?

ठकू

१२ मार्च

ठकू,

काय-वर्ग म्हणजे काय वर्ग? कितव्या वर्गात शिकवतात हे?

कुंपणाचं तू काढलंस, ते बरं केलंस. त्या दिवशी ब्रेक ढिला होता हे तुझ्या आतोबांना विचार. आणि तू बापाची पोर आहेस, हेही मला आज नव्याने कळलं.

पैज कबूल. तुझ्या आतोबांना सांगितलं तर म्हणाले, "हरलीस तर?" म्हटलं, हरले तर हरले, पण बसून नाही हरणार. त्यावर हसले आणि म्हणाले, "मला रस्ता दिसत नाही, पण तुझा गिअर हल्ली नीट पडतो, ते ऐकू येतं." आपल्या सगळ्या गोतावळ्यात मिळून एवढं एक चांगलं वाक्य मला ऐकायला मिळालंय.

मैदानाच्या फाटकाशी एक बाक आहे. कालपासून मी तिथे ठाण मांडलंय. कुणाचं नाव मला माहीत नसतं, म्हणून ओळख पटावी असं लिहून ठेवते. "लाँड्रीवाली, मोठी व्हॅन, नापास." "चष्मेवाला, छोटी लाल गाडी, पास." "पाववाला, व्हॅन, नापास, जाताना खांबाला लाथ मारली." चालेल ना?

आता पुढचं सांग, लवकर.

आत्या

१८ मार्च

प्रिय आत्या,

छान चालेल. फक्त काही पथ्यं पाळ. एक माणूस एकदाच मोजायचा. तोच पाववाला पुन्हा आला तर पुन्हा लिहायचं नाही. स्वतःला मोजायचं नाही. आणि पन्नाशीपुढच्या बायकांचा वेगळा कप्पा करू नकोस. त्या इतक्या थोड्या निघतील की चाचणी लंगडी पडेल. पुढे तक्ता सांगते, त्याच्या प्रत्येक घरात निदान पाच माणसं अपेक्षित असायला हवीत.

आता हिशेब. चार घरांचा तक्ता काढ: बायका पास, बायका नापास, पुरुष पास, पुरुष नापास. मग असं धरून चाल की साहेब कुणाचाच वैरी नाही. समजा शंभर जण आले, त्यातले साठ पास झाले. बाई असण्याने काही फरक पडत नसेल, तर चाळीस बायकांतल्या किती पास व्हायला हव्यात? शंभरात साठ, म्हणजे चाळिसात चोवीस. ही झाली अपेक्षा. प्रत्यक्षात किती झाल्या ते तुझ्याकडे आहे. दोन्हींतली तफावत घे, तिचा वर्ग कर, अपेक्षेने भाग. असं चारही घरांचं करून बेरीज घे.

बेरीज लहान आली तर तफावत नुसत्या योगायोगाचीही असू शकते. चार घरांच्या तक्त्याला ३.८४ ही सीमा मानतात. खरोखर काहीच संबंध नसेल, तर शंभरात सुमारे पाचच वेळा बेरीज तिच्यापुढे जाते. तुझी गेली, तर साहेबाने उत्तर द्यायचं.

दोनशे माणसं झाल्याशिवाय बेरीज करू नकोस. मध्येच डोकावलीस तर मन मोजायला लागतं.

ठकू

२२ एप्रिल

ठकू,

दोनशे झाले. उन्हाने नाक सोललं. बाकावर आता माझी जागा ठरलीय, कुणी बसत नाही.

आधी साहेबाला निर्दोष धरायचं, हे मला फार जड गेलं. तरी धरलं. दोनशेत एकशेदहा पास. बायका ऐंशी, म्हणजे त्यातल्या चव्वेचाळीस पास व्हायला हव्या होत्या. झाल्या बेचाळीस. पुरुष एकशेवीस, अपेक्षा सहासष्टची, झाले अडुसष्ट. सगळीकडे तफावत फक्त दोनची. बेरीज आली ०.३४.

मी तीनदा केली. मग शेजारच्या मास्तरीणबाईंकडून करून घेतली. तेवढीच.

साहेब बायकांचा वैरी नाही. महिनाभर त्याच्याकडे डोळे वटारून बघितलं त्याची आता लाज वाटते. काल त्याने बाकापाशी येऊन विचारलं, "बाई, रोज इथे का बसता?" म्हटलं, सावली चांगली आहे. सावली कुठली, नुसता रणरणाट.

तर पैज मी हरले. दोन बायका इकडून तिकडे सरकवल्या असत्या तरी तुला कळलं नसतं, आणि तरीही मी हरलेच असते, तेही करून पाहिलं. दादाला सांग, व्हॅनला गिऱ्हाईक बघ. मी अडवणार नाही. सगळे कागद सोबत पाठवतेय. मला ते घरात नकोत.

आत्या

२७ एप्रिल

आत्या,

जिंकलेली पैज मी परत करतेय. का, ते नीट वाच.

तुझे कागद मी नुसते वाचत बसले होते. "लाँड्रीवाली, मोठी व्हॅन, नापास. पाववाला, व्हॅन, नापास. उंच मुलगी, छोटी गाडी, पास. दूधवाला, व्हॅन, नापास." वाचता वाचता माझा चहा गार झाला. बाई-पुरुष सोडून दिलं आणि गाड्या मोजल्या. चाळीस व्हॅन होत्या. कुणाशीच दुजाभाव नसता तर त्यातल्या बावीस पास व्हायला हव्या होत्या. झाल्या नऊ! छोट्या गाड्या एकशेसाठ, त्यातल्या एकशेएक पास. बेरीज २१.३४. सीमा ३.८४ आहे, आठवतंय ना?

पण थांब, नाचू नकोस. हे मी वापरू शकत नाही. एकाच ढिगात दहा प्रश्न घेऊन उकरत बसलं, तर एखादं उत्तर नुसत्या नशिबानेही हाती लागतं. माझ्या विद्यार्थ्यांनी असं केलं तर मी त्यांचे गुण कापते. या ढिगाने आपल्याला फक्त संशय दिलाय. तो खरा की खोटा, हे नव्या माणसांवर बघायचं. आणि प्रश्न आधी ठरवायचा, एकच: गाडीचा आकार आणि निकाल, यांचा संबंध आहे का?

पुन्हा बाकावर बस. शंभर माणसं, सगळी नवी. व्हॅन पंचवीस तरी हव्यात.

आणि कुंपणाबद्दल जे लिहिलं होतं ते मागे घेत नाही. पण "नुसतीच वाईट गाडी चालवत असशील" हे मात्र मी न मोजताच म्हटलं होतं.

ठकू

१ मे

ठकू,

नाचले. ह्यांना हात धरून नाचवलं. एक कुंडी फुटली.

पण अडचण ऐक. दादाने गिऱ्हाईक शोधलंसुद्धा. तो माणूस रविवारी व्हॅन बघायला येतोय. दादा फोनवर म्हणाला, "शब्द दिला होतास ना? मग आता मागे कशाला फिरतेस?" शब्द मी दिला होता हे खरंच आहे.

बाकावर मात्र उद्यापासून बसतेय.

आत्या

५ मे

आत्या,

शब्द तू मला दिला होतास, बाबांना नाही. मी तुला त्यातून मोकळं केलंय. हे मी काल जेवताना बाबांना सांगितलं.

ते म्हणाले, "ती पडली, कुणाला धडकली, तर जबाबदार कोण?" मी म्हटलं, त्याचसाठी परीक्षा असते ना? ती परीक्षा नीट आहे की नाही, एवढंच आम्ही तपासतोय. तर म्हणाले, "तुझी आत्या लहानपणापासून हट्टी आहे, आता तुलाही बिघडवलं." आई मध्ये पडली नसती तर अजून वाजलं असतं. कालपासून आम्ही एकमेकांशी आईमार्फत बोलतोय. "मीठ दे म्हणावं तिला."

पण गिऱ्हाइकाला त्यांनी महिनाभर थांबायला सांगितलंय. चेहरा असा केला, जसा स्वतःचा दात उपटून देतायत.

तू मोज.

ठकू

३० मे

ठकू,

बस आणि वाच.

शंभर नवी माणसं. छप्पन्न पास, चव्वेचाळीस नापास. व्हॅन पंचवीस, अपेक्षा चौदा पास, झाल्या सहा. छोट्या गाड्या पंचाहत्तर, पास पन्नास. बेरीज १३.८५. मास्तरीणबाईंनी स्वतःहून तपासली, आता त्यांनाही चटक लागलीय.

मध्ये फोनवर तू बजावलं होतंस की संबंध दिसला म्हणजे कारण कळलं असं नाही. व्हॅनवाले कमी सराव करत असतील, असंही असू शकतं. ते डोक्यात होतंच. तेवढ्यात काय झालं, लाँड्रीवालीने भावाची छोटी गाडी मागून आणली आणि पहिल्याच फेरीत पास झाली. उतरून माझ्याकडे आली आणि म्हणाली, "हात तेच, डोळे तेच. मग?"

तो "मग" घेऊन मी सरळ शिट्टीसाहेबांसमोर उभी राहिले. कागद पुढे केला. त्यांनी उभ्याउभ्या वाचला, मग बसून वाचला.

"हे तुम्ही बाकावर बसून करत होतात?"

"हो. आधी तुम्हाला पकडायला बसले होते. तुम्ही सुटलात."

ते हसले नाहीत. म्हणाले, "व्हॅनवाले घाईत असतात, निष्काळजी असतात, असंच मी इतकी वर्षं धरून चाललो." मग शेडमधून टेप आणला. एक टोक मला धरायला दिलं. नागमोडी वाटेतल्या खांबांमधलं अंतर मोजलं, मग माझ्या व्हॅनची लांबी. मग नियमांचं पुस्तक काढून वाचायला लागले आणि वाचता वाचता त्यांचे कान लाल झाले. नियमात स्पष्ट लिहिलंय की खांब गाडीच्या लांबीच्या प्रमाणात लावायचे. रेघा मारल्या त्या छोट्या गाडीच्या मापाने, आणि मग खांब तिथेच रुजले.

दुसऱ्या दिवशी आम्ही मुख्य अधिकाऱ्यांकडे गेलो. मी, लाँड्रीवाली, पाववाला, आणि मागे दाराशी शिट्टीसाहेब. मुख्य साहेबांनी कागद दोन बोटांनी धरला.

"बाई, खांब सगळ्यांना सारखे आहेत. मग अन्याय कसला?"

"साहेब, गावातल्या सगळ्यांना एकाच मापाची चप्पल दिली, तर अनवाणी कोण राहील?"

"इतका त्रास होतोय तर छोट्या गाडीवर परीक्षा द्या. लायसन्स तेच मिळतं."

"मला व्हॅन चालवायची आहे. छोट्या गाडीवर पास होऊन मी उद्या रस्त्यावर व्हॅन आणली, तर मला ती येते का, हे कुणी बघितलं? तुम्ही नाही आणि मीही नाही."

"हा १३.८५ आकडा कुणी काढला?"

"मी."

"तुमचा याच्याशी संबंध काय?"

"चार वेळा नापास झालेय, साहेब. हा संबंध."

पाववाला खो खो हसला. मुख्य साहेब म्हणाले, बघू, वर लिहावं लागेल. तेव्हा दारातून शिट्टीसाहेब म्हणाले, "वर लिहायची गरज नाही, सर. नियम आधीच आहे. माझी सही घ्या. खांब हलत नाहीत तोवर व्हॅनची परीक्षा घ्यायला मी उभा राहणार नाही."

ठकू, त्या माणसावर मी दोन महिने जळत होते!

कागद तिथेच ठेवून आलोय. होईल ते होईल. रविवारी गिऱ्हाईक आलं तर त्याला ह्यांच्याकडे पाठवणार आहे. त्यांनी ठरवलंय की किंमत विचारली की ऐकू येत नाही म्हणायचं.

आत्या

२१ जून

आत्या,

तीन आठवडे झाले, पत्र नाही. फोन केला तर आतोबा म्हणतात, "ती गाडीत आहे." गाडीत म्हणजे कुठे? चालती की उभी?

इथे बाबा रोज पत्रपेटी उघडून बघतात आणि मला बघितलं की जाहिराती चाळल्यासारखं करतात. काल आईकडे चौकशी केली, "त्या खांबांचं काही झालं का म्हणावं?" "म्हणावं" कुणाला ते सांगितलं नाही.

तुझा तक्ता मी वर्गात फळ्यावर लिहिला. तुझं नाव नाही सांगितलं. एका मुलीने विचारलं, "मॅडम, पुढे काय झालं?" एरवी संख्याशास्त्राच्या तासाला कुणी हे विचारत नाही. मलाही उत्तर माहीत नव्हतं.

सांग ना, पुढे काय झालं?

ठकू

४ जुलै

ठकू,

पुढे असं झालं.

खांब हलले. व्हॅनसाठी वेगळ्या, पिवळ्या रेघा मारल्या. मुख्य साहेबांनी त्याचं श्रेय स्वतःकडे घेतलं, घेऊ दे. पहिल्याच दिवशी पाववाला पास झाला, दूधवालाही. एक व्हॅनवाला मात्र नापास झाला. त्याला खरंच येत नव्हती, भिंतीकडेच निघाला होता.

मग मी. ह्यांना बाकावर माझ्या जागेवर बसवलं. नागमोडी वाट सुरेख पार पडली, लोणी कापल्यासारखी. उलटी आणली, खांब दोन्हीकडे छान दूर. शेवटच्या वळणाला मी इतकी खूश होते की सिग्नल द्यायचा विसरले.

शिट्टी वाजली.

मी उतरले. शिट्टीसाहेबांचा चेहरा पडलेला. "बाई, माफ करा, सिग्नल दिला नाहीत." म्हटलं, "माफी कशाची मागता? माझी चूक, माझी शिट्टी." आणि खरं सांगते, पाचही वेळांत मला एवढं हलकं कधी वाटलं नव्हतं. आधी चार वेळा मी घरी येऊन उशीत तोंड खुपसलं होतं, की माझ्यातच काहीतरी कमी आहे. या वेळी कमी काय आहे ते नेमकं ठाऊक होतं आणि ते माझ्या हातात होतं. बाकावरून हे विचारत होते, "झालीस का गं?" मी ओरडून म्हटलं, "नाही झाले! पण या वेळी मीच नाही झाले!" सगळं मैदान माझ्याकडे बघायला लागलं. बघू दे.

तुला म्हणूनच लिहिलं नाही. नापास झाल्याचं इतक्या आनंदाने लिहिलं असतं, तर दादाने डॉक्टर पाठवला असता.

त्यानंतर सिग्नलचा असा सराव केला की अंगणात चालतानासुद्धा हात बाहेर काढत होते. सोमवारी पुन्हा गेले. पास झाले. त्यात सांगण्यासारखं काही नाही. शिट्टी वाजली नाही, एवढंच.

ड्रायव्हरला काढून टाकलं. शाळेत रोपं नेऊन दिली, दोन हॉटेलांतही. हे शेजारी बसतात आणि गिअर ऐकतात. गिऱ्हाईक परत आलं होतं. त्याला मी व्हॅनमधून एक चक्कर मारून आणली आणि विकायची नाही म्हणून दारात सोडलं. म्हणाला, "मग चक्कर कशाला मारलीत?" म्हटलं, "तुम्ही गाडी बघायला आला होतात ना? बघितलीत."

तुझ्या त्या विद्यार्थिनीला सांग की माझं नाव सांगितलं तरी चालेल.

आणि दादाला सांग, त्याच्या दोन खोल्यांत आम्ही येतोय. येत्या शनिवारी. चार दिवस राहू, त्याच्याशी पोटभर भांडू आणि आपल्या घरी परत जाऊ. न्यायला कुणी यायचं नाही. गाडी मी आणतेय.

तुझी आत्या